गोदीत राहिलेले जहाज

बालाघाटहून समुद्र पाहावयाचा तर पश्चिमेस मुंबई किंवा पूर्वेस पुरी गाठावी लागते, आणि दोन्हीकडे आगगाडीत रात्र काढणे आलेच. आपल्या गावालगतची वैनगंगा मात्र हा प्रवास रोज करते. पुढे तिला वर्धा मिळते, दोघी मिळून प्राणहिता होतात, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि आपल्या घाटावरचे पाणी अखेर पूर्वसमुद्रास पोहोचते. आपल्या पूर्वजांनी मात्र या पाण्याचा माग कधी काढल्याचे ऐकिवात नाही. कोणी भोसल्यांच्या फौजेबरोबर आले, कोणी दप्तर सांभाळावयास आले, कोणी इंग्रजी अमदानीत शाळा, कचेरी वा रेल्वेच्या निमित्ताने येथे स्थिरावले. ते घोड्यावरून आले, बैलगाडीतून आले, गोंदियाहून छोट्या रुळांच्या गाडीने आले. गलबतातून कोणी आले नाही. अशा गावातील एका निवृत्त शासकीय अधिकाऱ्याच्या बैठकीत, फडताळावर, मराठी आरमाराची दोन जहाजे उभी असावीत, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांस काहीशी चमत्कारिक वाटते. त्यांचे कुतूहल शमवावे आणि त्या निमित्ताने आमच्या मनातील एक जुनी टोचणी वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या छंदाची सुरुवात नातवामुळे झाली. त्याच्या वाढदिवसास कोणीतरी प्लॅस्टिकच्या जहाजाचा संच दिला. एका चौकटीला लगडलेले शेदीडशे लहान लहान भाग, सोबत नकाशा, आणि पेटीवर रंगीत चित्र. नातवाचा उत्साह तिसऱ्या दिवशी ओसरला. आमचा मात्र वाढत गेला. सेवाकाळात आम्ही हजारो फायली हाताळल्या, पण आपल्या हातून काही वस्तू तयार झाली असे समाधान त्यांतील एकीनेही दिले नव्हते. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५२ साली ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचा छोटा संच बाजारात आणला, तेव्हापासून शिडाची जहाजे हा या छंदाचा एक मोठा प्रांत झाला आहे. पुढे १९७१ पासून जपानमधील शिझुओकाच्या कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धातील युद्धनौकांचे एकास सातशे या प्रमाणातील संच काढले आणि आरमारेच्या आरमारे लोकांच्या कपाटांत मावू लागली.

या छंदिष्टांत एक वेगळा पंथ आहे. पेटीवरच्या चित्राप्रमाणे जहाज जोडून त्याचे समाधान होत नाही. जे जहाज बांधावयाचे ठरले पण बांधले गेले नाही, किंवा बांधता बांधता मोडले गेले, ते जर समुद्रावर उतरले असते तर कसे दिसले असते, हे तो दाखवू पाहतो. त्याचे संच बाजारात क्वचितच मिळतात. म्हणून दुसऱ्याच जहाजाचा संच आणून त्याची कापाकापी करावयाची, दोन संचांचे भाग एकत्र करावयाचे आणि उरलेले घरी घडवावयाचे. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे पाच राष्ट्रांनी नौदलांवर मर्यादा घालणारा तह केला, आणि या पंथास जणू खजिनाच सापडला. ब्रिटनने चार प्रचंड युद्धनौकांची मागणी रद्द केली. जपानची 'तोसा' अर्धवट अवस्थेत नेमबाजीच्या चाचण्यांसाठी वापरून १९२५ साली बुडविण्यात आली. 'अमागी'चे रूपांतर विमानवाहू नौकेत व्हावयाचे होते, पण १९२३ च्या भूकंपात तिचा सांगाडाच निकामी झाला. या सर्व नौका आज प्लॅस्टिकच्या रूपाने जगभर हौशी लोकांच्या घरी सुखाने नांदत आहेत.

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. डॉ. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. विश्वासरावांस लागावयाची गोळी चुकते आणि तेथून इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. नारळीकरांनी १७६१ चा क्षण निवडला. आमचे मन त्याच्या पाच वर्षे आधीच्या, फेब्रुवारी १७५६ च्या विजयदुर्गावर रेंगाळत राहिले. त्या दिवशी विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचे सर्व आरमार जळाले. त्या जळिताच्या वर्णनांत एक उल्लेख येतो, तो आमच्या मनात रुतून बसला: बांधणीच्या धक्क्यावर दोन मोठी जहाजे अपुरी उभी होती आणि त्यांतील एक चाळीस तोफांचे व्हावयाचे होते.

चाळीस तोफांचे मराठी जहाज! ते पाण्यात उतरलेच नाही. त्याचे चित्र नाही, मोजमाप नाही, नावही नाही. आमच्या पंथास याहून योग्य जहाज कोणते मिळावे?

पण चाळीस तोफांच्या जहाजाकडे वळण्यापूर्वी साधी गुराब बांधून पाहावी, असे आम्ही ठरविले. गुराब म्हणजे आंग्र्यांच्या आरमाराचा कणा. ती प्रत्यक्ष कशी होती हे आज दाखविणारी एकही गुराब शिल्लक नाही. लाकूड कोकणच्या पाण्यात किती दिवस टिकणार? सुदैवाने रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकाराने तिचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. शत्रूने केलेले वर्णन बहुधा विश्वसनीय असते, कारण त्याला त्या वस्तूपासून जिवाची भीती असते. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची, दोन काठ्यांची दीडशे टनांची. तिला पाणी फार थोडे लागे, म्हणून खाडीत ती सहज शिरे. लांबीच्या मानाने रुंद, मधून टोकांकडे निमुळती होत जाणारी. आणि तिची मुख्य खूण म्हणजे नाळ. युरोपीय जहाजाच्या फुगीर छातीऐवजी तिला पुढे झेपावलेली लांब चोच असे. ही चोच आणि मुख्य तक्ता यांच्यामध्ये एक आडवी भिंत, त्या भिंतीत दोन झरोके, आणि त्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर, चोचीवरून मारा करीत. बाजूंच्या तोफा त्याहून हलक्या असत.

गुराबेची सोबतीण गलबत. सत्तर टनांच्या आतबाहेरचे, मोठे त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबते गुराबांना दोर बांधून ओढून नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत तेथे, नेऊन उभी करीत. गुराबा समोरच्या तोफांनी त्याच्या काठ्या आणि दोर तोडीत; जहाज लुळे झाले की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन वर चढत. ही युक्ती ज्याच्या ध्यानात आली त्याला आज्ञापत्रातील आरमारावरचे प्रकरण नव्याने वाचावेसे वाटेल. रामचंद्रपंत अमात्यांनी तेथे मध्यम आकाराच्या गुराबा आणि तशीच गलबते सजवावयास सांगितले आहे, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजे बांधण्याचे कारण नाही असे स्पष्ट बजावले आहे. याच प्रकरणात सागवान तोडण्यास परवानगी आहे, पण आंबा-फणस तोडू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, असेही सांगितले आहे. सेवाकाळात सागवानाच्या लिलावांचे कागद आमच्या हाताखालून पुष्कळ गेले; ही दोन वाक्ये तेव्हा आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावावयास हवी होती, असे आता वाटते. असो.

गुराबेसाठी कोणता संच कापावा, यावर आमचे दोन महिने गेले. शेवटी कॅप्टन कुकचे 'एन्डेव्हर' निवडले. कारण असे की 'एन्डेव्हर' हे मुळात युद्धाचे जहाज नव्हेच. ते कोळसा वाहणारे, सपाट बुडाचे, रुंद पोटाचे जहाज होते आणि त्याचे वजन सुमारे ३६८ टन, म्हणजे तीन काठ्यांच्या गुराबेच्या जवळपास. एअरफिक्सच्या संचात ते एकास एकशेवीस प्रमाणात मिळते. सांगाडा सुमारे पंचवीस सेंटिमीटर. त्याची बोजड छाती आम्ही बारीक करवतीने उतरविली. येथे पहिला संच आम्ही स्वतःच्या हाताने वाया घालविला, हेही नमूद करावयास हवे. प्लॅस्टिक जोडण्याचे द्रावण डिंकासारखे चिकटवीत नाही, ते प्लॅस्टिकला विरघळवून एकजीव करते. आम्ही डिंकाच्या सवयीने ते सढळ हाताने लावले आणि सकाळी पाहतो तो सांगाड्याची एक बाजू भिजलेल्या पापडासारखी वाकलेली. दुसऱ्या संचाचे पैसे घरच्या मंडळींना कळू न देता खर्च करावे लागले. ते त्यांना कळले, हा भाग वेगळा.

चोच आम्ही प्लॅस्टिकच्या पातळ पत्रीतून कापून घडविली आणि सांध्यांत, मोटारीचा पत्रा सारखा करावयास वापरतात ती लांबी भरली. आडव्या भिंतीत दोन झरोके कोरले. दोरखंडांसाठी उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या आचेवर धरला. तो मऊ झाला की दोन्ही हातांनी हलकेच ओढावा, केसाइतकी बारीक तार निघते. ही कला नातवाने आमच्याहून लवकर आत्मसात केली. वल्ह्यांसाठी मात्र प्लॅस्टिक कामास आले नाही. बालाघाटच्या बांबूच्या काड्या तासून लावल्या. कुकच्या चौकोनी शिडांचे काय करावे हा प्रश्न होता. गुराबेवर चौकोनी आणि गलबतावर त्रिकोणी, असा सर्वसाधारण निर्णय घेऊन आम्ही पुढे गेलो.

आता त्या दुसऱ्या जहाजाकडे वळू.

कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांच्या हयातीत मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्ग आणि खांदेरीवर चढाया करून पाहिल्या; १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. त्यांच्या मागे घरात भाऊबंदकी माजली. कुलाब्यास मानाजी आणि दक्षिणेस संभाजी, अशी घराण्याची दोन शकले झाली. संभाजीने १७३५ साली कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. त्याच्यामागून दक्षिणेची सत्ता तुळाजीकडे आली. तुळाजीने १७४९ साली इंग्रजांचे 'रेस्टोरेशन' धरले आणि १७५४ च्या आरंभी तीन डच जहाजांवर हल्ला करून दोन जाळली, एक घेतले. त्या डच जहाजांपैकी एक पन्नास तोफांचे होते, हे ध्यानात ठेवावे.

पण हाच तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता. अमात्य आणि प्रतिनिधी या शेजाऱ्यांच्या मुलखावर त्याच्या चढाया चालत. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रजांशी हात मिळविले. १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकरांशी करार झाला. एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पावसाळा गेला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन राजाच्या आरमाराची जहाजे घेऊन विजयदुर्गापुढे येऊन उभा राहिला. जमिनीवरच्या फौजेची सूत्रे क्लाइव्हकडे होती. प्लासी व्हावयास अजून सोळा महिने होते. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. त्याची गलबते-गुराबा किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस दोरांनी बांधून ठेवली होती. १२ फेब्रुवारीस इंग्रजांचा एक बाँबगोळा 'रेस्टोरेशन'वर पडला, तिने पेट घेतला, आणि बांधलेल्या दोरांवरून आग सर्व आरमारभर पसरली. जे जहाज शत्रूकडून हिसकावून अभिमानाने ताफ्यात आणले, त्यानेच ताफा जाळला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आतील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. दोस्त म्हणून बरोबर आलेल्या पेशव्यांच्या वाट्यास त्यातले काही आले नाही. किल्लाही लगेच मिळाला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट घेऊन इंग्रजांनी तो सोडला. तुळाजीचे पुढचे आयुष्य कैदेत गेले.

नानासाहेबांनी मराठ्यांचे आरमार बुडविले, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आमच्या वडिलांच्या पिढीत या प्रश्नावरून रात्रीच्या रात्री वाद होत आणि सकाळी चहाच्या वेळीही दोन पक्ष एकमेकांशी बोलत नसत. आम्हीही पुष्कळ वर्षे नानासाहेबांवर रुष्ट होतो. घरचे भांडण परक्यास बोलावून मिटविणे ही चूकच होती, याबद्दल आमचे मत आजही बदललेले नाही. पण जळाले ते आरमार संपूर्ण मराठी राज्याचे होते, हे म्हणणे टिकत नाही. ते एका सरदाराचे होते आणि तो सरदार राज्याला आपले म्हणत नव्हता. पेशव्यांनी पुढे त्याच विजयदुर्गात आनंदराव धुळपांच्या हाताखाली आपले आरमार उभे केले. तेव्हा दोष सर्वस्वी एकाचा, असा निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. सरकारी नोकरीत आम्ही एवढे शिकलो आहोत की ज्या फायलीत दोन खात्यांचे भांडण असते, तिच्यावर तिसराच कोणी सही करून जातो.

दुसऱ्या जहाजासाठी आम्ही अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'चा रेवेलचा लहान संच घेतला. ते १७९७ सालचे, म्हणजे आमच्या जहाजाहून चाळीस वर्षांनी धाकटे आणि फार लांब. पण सांगाडा सत्तावीस सेंटिमीटर भरतो. तो एकास दीडशे या प्रमाणाचा मानला की मूळ जहाज सुमारे १३३ फुटांचे होते, आणि त्या काळच्या इंग्रजी चव्वेचाळीस तोफांच्या जहाजाची लांबी साधारण तेवढीच असे. पेटीवर लिहिलेले प्रमाण आम्ही असे बदलून टाकले. त्यामुळे गुराब आणि हे जहाज शेजारी ठेवता येत नाहीत; जाणकार पाहुणा आला तर आमची चोरी लगेच पकडील. बुडाचा सुमारे तिसरा हिस्सा कापून काढला, कारण कोकणच्या खाडीतून त्याला बाहेर पडावयाचे होते. वरहा नक्षीचा मागचा भाग घासून साधा केला. पुढे चोच लावली. बाजूला अठरा-अठरा झरोके आणि चोचीवर व पिछाडीस दोन-दोन, अशी चाळिसाची बेरीज जुळविली. हे सर्व आमच्या कल्पनेचे. तुळाजीच्या सुतारांनी ते असेच केले असते याचा कागद कोठे नाही.

काम करताना मात्र एक प्रश्न हातातली कानस थांबवू लागला. आज्ञापत्र म्हणते, थोर जहाजे बांधू नयेत. मग तुळाजी हे थोर जहाज का बांधीत होता? आमचे उत्तर असे की पन्नास तोफांच्या डच जहाजाशी गाठ पडल्यावर त्याला कळले असावे की गलबतांच्या थव्याचे दिवस भरत आले आहेत. वारा पडण्याची वाट पाहण्यात शत्रू निसटतो; वारा असताना लढायचे तर तशाच तोलाचे जहाज हवे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक कोरून व बांधून काढलेली सुमारे साडेतीनशे फूट लांबीची गोदी आजही दिसते. एवढी गोदी ज्यांनी खोदली त्यांना मोठ्या जहाजाची हिंमत नव्हती असे कोण म्हणेल?

मग ते जहाज सहा महिने आधी पाण्यात उतरले असते तर? आमच्या पंथाचा हाच तो आवडता प्रश्न. प्रामाणिक उत्तर निराशाजनक आहे. वॉटसनचे निशाणाचे जहाज 'केंट' सत्तर तोफांचे होते आणि त्याच्याबरोबर साठ व पन्नास तोफांची जहाजे होती. शिवाय किल्ल्याखाली बांधून ठेवलेल्या ताफ्यात ते चाळिसावे किंवा एकेचाळिसावे जळते लाकूड झाले असते. इतिहासाने हा प्रयोग प्रत्यक्ष करूनही पाहिला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पेशव्यांच्या आरमारात पुढे 'शमशेरजंग' नावाचे सेहेचाळीस तोफांचे जहाज होते. १७७५ च्या फेब्रुवारीत कमोडोर मूरच्या 'रिव्हेंज' व 'बॉम्बे ग्रॅब' या दोन जहाजांशी त्याची गाठ पडली आणि ते दारूचा भडका उडून माणसांसह नाहीसे झाले. त्यातील दुसऱ्या जहाजाचे नाव पुन्हा वाचावे: 'ग्रॅब' म्हणजे आपलीच गुराब. इंग्रजांनी आपली गुराब उचलली होती, आणि आपण त्यांचे थोर जहाज. उलट, ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांनी रत्नागिरीच्या बाजूस कंपनीचे 'रेंजर' पकडले ते जुन्याच रीतीने, चहूबाजूंनी घेरून आणि वर चढून. म्हणजे अमात्य चुकले नव्हते, असेही म्हणता येईल. पण थव्याने एकटे जहाज पकडता येते, आरमाराशी झुंजता येत नाही. नुसता सांगाडा मोठा करून भागत नाही. तोफा ओतणारे, त्या वेगाने भरणारे आणि वर्षानुवर्षे समुद्रावर राहून तरबेज झालेले खलाशी एका धक्क्यावर बांधता येत नाहीत. मुंबईत लवजी वाडियांच्या देखरेखीखाली १७५० मध्ये गोदी झाली होती. त्या घराण्याने १८१७ साली तेथे बांधलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' आज दोनशेहून अधिक वर्षांनंतरही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड आपले, हात आपल्याच देशाचे. निशाण तेवढे त्यांचे.

येथे आपल्या नागपूरकर भोसल्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पेशवे-आंग्रे वादात तावातावाने बोलणारी आपली वडीलधारी मंडळी या बाबतीत मौन धरीत. १७५१ च्या तहाने रघूजी भोसल्यांकडे ओडिशा आली. शिवभट साठ्यांसारखे सुभेदार कटकास बसले. सुवर्णरेखेपासून चिलिका सरोवरापर्यंतचा किनारा, बालासोरसारखे बंदर, हे सर्व बावन्न वर्षे आपल्या धन्यांच्या ताब्यात होते. या बावन्न वर्षांत म्हणावे असे लढाऊ आरमार तेथे उभे राहिले नाही. फौज घोड्यावर होती, महसूल वसूल होत होता, समुद्र व्यापाऱ्यांवर सोडलेला होता. १८०३ साली इंग्रज आले. एक तुकडी समुद्रमार्गे येऊन तिने बालासोर घेतले, ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने किनारा कायमचा गेला. नानासाहेबांनी असलेले आरमार जळू दिले म्हणून आपण त्यांना बोल लावतो. आपल्या भोसल्यांनी जळण्यासारखे काही बांधलेच नाही. कोणता दोष मोठा, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही मात्र त्या दिवसापासून नानासाहेबांविषयी थोडे खालच्या आवाजात बोलतो.

गेल्या गणेशोत्सवात मराठी मंडळींनी आग्रह केला म्हणून दोन्ही जहाजे मंडपात मांडली. चाळीस तोफांच्या जहाजास आम्ही तिन्ही काठ्या, फुगलेली शिडे आणि भगवे निशाण लावले होते. पुढे पाटी: तुळाजी आंग्रे यांचे चाळीस तोफांचे जहाज, विजयदुर्ग, १७५६. गर्दी चांगली झाली. काही आजीबाईंनी गणपतीस नमस्कार करून जाता जाता जहाजालाही हात जोडले. आम्ही सुखावलो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी एक शाळकरी मुलगी वही घेऊन आली. पाटी तिने नीट उतरवून घेतली आणि विचारले, "आजोबा, ह्या जहाजाने इंग्रजांची किती जहाजे बुडवली?" आम्ही शब्द जुळवीत होतो, तोच मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने हसत म्हटले, "पुष्कळ, बेटा, पुष्कळ!" सगळे हसले. मुलीने वहीत 'पुष्कळ' असे लिहिले आणि ती निघून गेली. आम्ही तिला परत बोलावू शकलो असतो. बोलावले नाही. आरतीची वेळ झाली होती, हे कारण आम्ही त्या वेळी स्वतःला दिले.

रात्री झोप लागेना. हयातभर आम्ही दुसऱ्यांच्या खोट्या नोंदींवर शेरे मारले. आणि येथे एका मुलीच्या वहीत आमच्या पाटीखाली खोटी नोंद गेली. पाटीवरचा एकेक शब्द वेगळा घेतला तर फारसा चुकीचा नव्हता, शिडांनी मात्र त्याचा अर्थ बदलला होता. सकाळी आम्ही पाटी बदलून सर्व खुलासा लिहावयास बसलो. तो इतका लांब झाला की कोणी वाचला नसता. शेवटी नातवास हाक मारली. तो चकित होऊन म्हणाला, "आजोबा, इतनी मेहनत से लगाये थे, आता काढायचे?" आम्ही म्हटले, काढायचे. निशाण काढले, शिडे काढली, तिन्ही काठ्या मुळाशी सोडविल्या. सर्व तोफा झरोक्यांतून बाहेर घेतल्या. वरच्या तक्त्याचा एक भाग उघडा केला म्हणजे आतल्या फासळ्या दिसाव्यात. ओळखीच्या सुताराकडून सागवानाचा एक लहान धक्का करून घेतला आणि त्यावर जहाज टेकविले. आता पाटीवर एवढेच आहे: विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६, बांधकाम चालू.

उत्सवाच्या उरलेल्या दिवसांत त्याच्यापुढे गर्दी झाली नाही. ती मुलगीही पुन्हा आली नाही. काठ्या, शिडे आणि चाळीस तोफा नातवाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून आपल्या कपाटात ठेवल्या आहेत, आणि डबा उघडावयाचा नाही असे आम्हांस बजावले आहे.